पाळी गेल्यावर संबंधाच्या वेळी दुखतं, यावर उपाय आहे का?

हो, आहे. ‘वयच झालं आता’ म्हणून सोसत बसू नका. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी पडते. म्हणून दुखतं, कधी लघवीलाही जळजळ होते. आधी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट (ओलावा देणारं जेल) वापरून पाहा. साबणाने आतून धुणं मात्र बंद करा, त्याने कोरडेपणा वाढतो. एवढ्याने भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. सहसा दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी तपासणी लांबवू नका.