मॉडेल घासायच्या पट्ट्या विकतच घ्याव्यात का?

पॉलिश पेपर बोटाने धरून घासला की तुमच्या लाकडी मॉडेलच्या कडा गोल होतात, म्हणून तयार सँडिंग स्टिक, म्हणजे पॉलिश पेपर लावलेल्या कडक पट्ट्या, घ्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, घरीच बनवा. मी छोट्या लाकडी होड्या करतो आणि गेली कित्येक वर्षं घरच्याच पट्ट्या वापरतोय.

कडा गोल होतात त्या बोटामुळे. बोट मऊ असतं, ते कडेवरून खाली वळतं आणि कागदालाही वळवतं. पाइनवुडवर तर त्यातल्या मऊ रेघा जास्त झिजतात आणि सपाट फळीवर लाटा उठतात. कागदामागे कडक, सपाट आधार आला की हे थांबतं.

आइस्क्रीमच्या सरळ काड्या घ्या. काडीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप लावा, पेपर उलटा ठेवून त्यावर काडी दाबा आणि कडेने कटर फिरवा. कापायचं नेहमी मागच्या बाजूने, नाहीतर पातं दोन मिनिटांत बोथट होतं. फेविकॉल मात्र लावू नका. झिजलेला कागद सोलून निघाला पाहिजे, तरच काडी पुन्हा वापरता येते. टेप हट्टाला पेटली तर हेअर ड्रायरची थोडी ऊब द्या, सुटते. ९ बाय ११ इंचाच्या एका शीटमधून काडीच्या मापाचे चाळीस तुकडे आरामात निघतात. काडीच्या टोकाला पेनने १२०, २२०, ४०० असा पेपरचा नंबर लिहाच; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. झिजलेला २२० आणि नवा ४०० हाताला सारखेच लागतात.

होडीच्या पोटासारख्या बाकदार भागासाठी कडक काडी चालत नाही. तिथे जुन्या स्लीपरच्या तळाचा तुकडा कापून त्यावर पेपर लावा, तो बाकाप्रमाणे दबतो. आतल्या गोलाईला पीव्हीसी पाइपचा तुकडा. मोठा भाग अगदी सपाट हवा असेल तर जाड काचेवर पेपर चिकटवा आणि वस्तूच त्यावर फिरवा.

रंगाचे थर वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, ओले घासणार असाल तर लाकडी काडी फुगते, टेपही सुटते. त्यासाठी ॲक्रिलिकची पट्टी ठेवा आणि पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, कागदाच्या दाण्यांत भुगा लवकर भरत नाही. सुकं घासताना मास्क लावा. फटी भरायच्या पुट्टीची धूळ फार बारीक असते.