अमानो कोळंबीची पिल्ले जातात कोठे?

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत चेरी आणि अमानो अशा दोन्ही जातींच्या कोळंब्या आहेत. चेरीची पिल्ले नियमित दिसतात. अमानोच्या माद्या मात्र काही आठवडे पोटाखाली अंडी बाळगतात आणि मग ती नाहीशी होतात. टाकीत मासे नाहीत. दोष पाण्याचा आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पाण्याचा दोष नाही, माद्या पुन्हा पुन्हा अंडी धरतात, त्याअर्थी पाणी त्यांना चांगलेच मानवले आहे. चेरीची मादी साधारण वीस-तीसच, पण मोठी अंडी बाळगते आणि त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले आईसारखीच घडलेली असल्यामुळे लगेच शेवाळावर चरू लागतात. जपानमधील अमानोची रीत निराळी आहे. (शेवाळ फस्त करणाऱ्या या कोळंबीला १९८० च्या दशकात लोकप्रिय करणाऱ्या ताकाशी अमानो यांचेच नाव पडले.) तिच्या हजाराहून अधिक बारीक अंड्यांतून पिल्ले नव्हे, तर अळ्या निघतात; त्या ओढ्याबरोबर समुद्रात वाहत जातात, तेथे वाढतात आणि कोळंबीचे रूप आल्यावर गोड्या पाण्याकडे परततात. आपल्या टाकीत त्या खारे पाणी न मिळाल्याने काही दिवसांत मरतात किंवा त्याआधीच फिल्टरमध्ये ओढल्या जातात. आपल्याकडे तळ्यांत वाढवल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीचे बीजही याच कारणाने मचूळ पाण्यात तयार करावे लागते.

केवळ संख्या वाढवायची असेल, तर चेरीवरच समाधान मानावे, असे माझे मत आहे. हौसच असेल, तर अंड्यांत डोळ्यांचे ठिपके दिसू लागताच मादीला वेगळ्या भांड्यात ठेवावे आणि अळ्या निघाल्या की अंधारात एका कोपऱ्याशी दिवा धरून, उजेडाकडे गोळा झालेल्या अळ्या बारीक नळीने दोन-तीन दिवसांच्या आत खाऱ्या पाण्यात न्याव्यात. त्यासाठी लिटरला ३० ते ३५ ग्रॅम सागरी मत्स्यटाकीचे मीठ घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठात आवश्यक कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरेसे नसते. खाद्य म्हणून सूक्ष्म शेवाळाने पाणी सतत हिरवट राखावे आणि हवा अगदी मंद सोडावी.

महिना-दीड महिन्याने, डोके खाली करून तरंगणारी अळी सरळ होऊन काचेवर चालू लागते. अशी झालेली पिल्लेच तेवढी निवडून गोड्या पाण्यात सोडावीत, कारण सर्वांचे रूपांतर एकाच दिवशी होत नाही आणि घाईने हलवलेली अळी गोड्या पाण्यात वाचत नाही.