वाशीचा कार्यक्रम नाकारू नका

नौपाड्याच्या गायक वाचकास,

वाशीच्या मैफलीच्या आयोजकांनी यंदा तुमच्या गायक वडिलांना वगळून तुम्हाला बोलावलं. वडिलांच्या गाण्याच्या क्लासमधले दोन शिष्य तुमच्याकडे आले, तुम्ही दुसऱ्या गुरूंकडे ध्रुपद ही जुनी गायनशैली शिकायला लागलात, आणि आता घरातलं बोलणं दूध-भाजीपुरतं उरलं आहे. 'कार्यक्रम सोडून देऊ का?' असं तुम्ही विचारलंय.

मुळीच सोडू नका. तुम्ही नाही म्हणालात तर आयोजक तिसऱ्याच कोणाला बोलावतील. आणि समजा बाबांना बोलावलंच, तर मुलाने सोडलेल्या जागी बसून गाणं त्यांना आजच्या अपमानाहून जास्त लागेल. आयुष्यभर स्वतःच्या गळ्यावर मैफली मिळवलेल्या माणसाला दया लगेच कळते.

'मारव्यात सारखा षड्जावर काय येतोस!' असं बाबा विद्यार्थ्यांसमोर म्हणाले. चारचौघांत बोलायला नको होतं, हे त्यांना एकटं गाठून जरूर सांगा. पण मुद्दा तपासून बघा. मारवा हा राग कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर उभा राहतो. षड्जावर, म्हणजे 'सा'वर, येणं जितकं पुढे ढकलाल तितकी त्याची हुरहुर वाढते. बाबांच्या त्या वाक्यात चीड असेल, पण तालीमही आहे. शिवाय वय वाढलं की दमसास कमी होतो, तार सप्तकात आवाज पूर्वीसारखा ठरत नाही. आपलं गेलेलं बळ रोज शेजारच्या खोलीतून मुलाच्या रियाजात ऐकायचं, हे फार अवघड असतं हो. अभिमानही वाटतो आणि पोटात तुटतंही.

ध्रुपदाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. गायक मुकुल शिवपुत्र तर कुमार गंधर्वांचे चिरंजीव आणि शिष्य, तेही के. जी. गिंडे यांच्याकडे ध्रुपद-धमार आणि एम. डी. रामनाथन यांच्याकडे कर्नाटक संगीत शिकले.

शिष्यांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने नाही. बोलावणं आयोजकांनी दिलं, पण शिष्य तुम्ही घेतलेत. त्याआधी बाबांना विचारल्याचं पत्रात कुठेच नाही. एका गुरूकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्याची परवानगी घ्यायची, ही रीत तुम्ही त्यांच्याच घरात शिकला असणार. वर त्यांच्या उतारवयातलं फीचं उत्पन्नही कमी झालं. त्या दोघांना परवानगी मागायला बाबांकडे पाठवा. ते नाही म्हणाले, तर शिकवू नका.

एखादी बंदिश खरोखरच अर्धवट येत असेल तर त्यांच्याकडून बसवून घ्या. येत असलेली मागू नका. ते पहिल्या ओळीतच ओळखतील.

आणि आईला आता मोकळं करा. दोघांचे निरोप तीच इकडून तिकडे पोचवते, असं तुम्हीच लिहिलंय. या रविवारी क्लास सुटल्यावर बाबांसमोर स्वतः बसा. आधी शिष्यांचं बोला, वाशीचं नंतर.