डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या एवढ्या तपासण्या खरंच लागतात का?

पुतणी सव्वा महिन्याची आहे, शांत आहे, दूध पिते, हृदयात जादा आवाजही (मर्मर) नाही. मग टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड आणि कानाची तपासणी कशाला, असं तुम्ही विचारलंय. तिन्ही करा. एको तर याच आठवड्यात.

या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो आणि आवाज नाही म्हणजे दोष नाही, असं नसतं. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांतला दाब आधीच जास्त असतो. त्यामुळे छिद्र मोठं असलं तरी त्यातून रक्त जोरात वाहत नाही, स्टेथोस्कोपला काही सापडत नाही. एव्ही कॅनालसारखा (हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र असलेला) दोष निघाला तर ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांच्या वयात करतात. फार उशीर झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड होतात आणि मग छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं. पिताना तिचं कपाळ बघा. घामाने ओलं होतंय, दोन घोट घेऊन धाप लागतेय, अर्धा तास झाला तरी पोट भरत नाही, असं असेल तर बाळ शांत नाही, दमलेलं आहे.

थायरॉइडचा घोळ वेगळाच. सुस्ती, बद्धकोष्ठ, बाहेर येणारी जीभ, ढिले स्नायू हे सगळं डाऊनमध्ये तसंही दिसतं, म्हणून नुसतं बघून कळत नाही. टीएसएच आणि टी-फोर या थायरॉइडच्या रक्ततपासण्या आत्ता, मग सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. गोळी सुरू झालीच तर चुरून चमचाभर पाण्यातून द्या, बाटलीत नको. दूध उरलं की औषधही उरतं. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तासांच्या अंतराने.

या मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, पडद्यामागे पाणी साठतं, बरेचदा दुखतही नाही. मूल हाकेला वळत नाही आणि घरचे म्हणतात, 'समज कमी आहे.' बेरा ही ऐकण्याची तपासणी झोपेत होते, तेव्हा त्या सकाळी तिला जागं ठेवा आणि तिथे पोचल्यावर पाजा. नॉर्मल आली तरी दर सहा महिन्यांनी कान दाखवायचे. मोतीबिंदूसाठी डोळे आणि रक्ताचं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) राहिलं असेल तर तेही उरका.

व्यायामाला मोठं व्हायची वाट बघू नका. जागी असताना छातीखाली दुपट्याची गुंडाळी देऊन पालथी घाला, दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. उताणी असताना पाय बेडकासारखे फाकतात. जागी आणि नजरेसमोर असेल तेव्हा मांड्यांना बाहेरून टॉवेलच्या गुंडाळ्यांचा आधार द्या, झोपवताना मात्र काढून ठेवा. वॉकर अजिबात नको. बसायला दहा-अकरा महिने, चालायला सरासरी दोन वर्षं लागतात. काही जण तीन ओलांडतात. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात फिजिओथेरपीची चौकशी करा.

कॅरिओटाइपच्या (गुणसूत्रांच्या तपासणीच्या) रिपोर्टवर ४७ गुणसूत्रं लिहिली असतील तर आईवडिलांची तीच तपासणी सहसा लागत नाही. ४६ आणि ट्रान्सलोकेशन (एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला) असेल तर मात्र पुढच्या गरोदरपणाआधी दोघांचीही करून घ्या.