पाचव्या स्लॅबनंतर

प्रश्न : वाघोलीत आम्ही टू बीएचके बुक केलाय. पाचवा स्लॅब टाकून झाला आणि त्यानंतर दोन महिने काम बंद. ऑफिसात विचारलं की 'मार्केट स्लो आहे' एवढंच सांगतात. बाबा म्हणतात, 2008 मध्येही असंच झालं होतं. मंदी आली की बिल्डरच आधी का आडवे होतात? आणि पुढचा हप्ता भरायचा का?
— एक वाचक, धानोरी

उत्तर : ताई, बाबांचं खरं आहे. तेव्हा मी खराडीच्या पुढे एका साइटवर स्टोअर सांभाळायचो. 15 सप्टेंबर 2008 ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली. आमच्या सिमेंटवाल्याला ते नाव धड घेताही येत नव्हतं, पण दिवाळीच्या आत त्यानं उधारी बंद केली. "आधी चेक वटू दे, मग गाडी." सहाव्या मजल्याच्या कॉलमच्या सळया नुसत्याच वर आलेल्या, गंज धरू नये म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी मारलं. उरलेल्या गोण्या गोदामात दगड झाल्या. मुकादम माणसं घेऊन गावी गेला. वॉचमनच्या बायकोनं लिफ्टच्या खड्ड्याशेजारी मेथी लावली, ती मात्र छान आली. माझे तीन पगार राहिले ते राहिलेच.

दोष सगळा अमेरिकेचा नव्हता. आमच्या साहेबांनी या इमारतीच्या बुकिंगचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या विसारात घातले होते, तेही चढ्या भावात. गृहकर्ज आधीच महागलेलं, त्यात आयटीवाल्यांना नोकरीची धास्ती, म्हणून बुकिंग आटलं. मोटारीच्या कारखान्याला मंदीत गाड्या कमी काढता येतात. अर्धी इमारत कोण घेणार? जमीनही चटकन विकली जात नाही, व्याज मात्र रविवारीही चढतं.

1 मे 2017 पासून रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या बाजूनं बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, पूर्ण लागू झाला. आता ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चायचे असतात. इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यांशिवाय काढता येत नाहीत. आमच्या साहेबांचा खेळ इथेच अडला असता. पण बाहेरची कर्जं आटली तर हा कायदाही काय करणार? 2018 मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीनं कर्जं थकवली, तेव्हा बिल्डरांना पैसे पुरवणाऱ्या वित्तसंस्थांनीच हात आखडला.

हप्त्याचं म्हणाल तर करारनामा काढून बघा. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले असतील, तर सहावा स्लॅब पडल्याशिवाय त्याचा हप्ता देऊ नका, आणि कर्ज असेल तर बँकेलाही लेखी कळवा. महारेराच्या, म्हणजे राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख बघून ठेवा. ती उलटली तर रेराच्या कलम 18 खाली व्याजासह पैसे परत मागता येतात; घरच हवं असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज.

आणि ऑफिसात नका जाऊ, साइटवर जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी सकाळी अकराला. मुकादमाची माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहताहेत का, बघा. मग वर मान करून कॉलमच्या सळया बघा. करड्या दिसल्या, म्हणजे सिमेंटचं पाणी मारलेलं असेल, तर पुढचा स्लॅब इतक्यात पडायचा नाही हे मालकाला तुमच्याआधी कळलंय.