इन्क्युबेटरमध्ये कोंबडीचं पिल्लू 21व्या दिवशी कवचातच का मरतं?

अनेकदा दमट हवेमुळे. पिल्लाला लागणाऱ्या ऊर्जेतला सिंहाचा वाटा बलकातल्या चरबीतून येतो आणि चरबी जळली की पाणी तयार होतं. कवचाच्या छिद्रांतून ते उडालं पाहिजे. 18व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 12 टक्के घटायला हवं. 60 ग्रॅमचं अंडं 53 वर आलं, ठीक. 56 वरच अडकलं तर बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पहिला श्वास घ्यायला पिल्लाला जागाच उरत नाही. शेवटी प्राणवायू अपुरा पडतो, तेव्हा ते यकृतातल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साठवलेल्या साखरेवर, तगतं. तोही साठा संपला की चोच मारायचं त्राण राहत नाही.

तापमान 37.5 अंश, आर्द्रता 50-55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65-70. इन्क्युबेटरमधलं पाणी वाढवण्याआधी अंडी वजन करून बघा.