खालच्या श्रेणीतल्या फुटबॉल क्लबने वर जाण्याची महत्त्वाकांक्षा धरावी की झेपेल तेवढेच करावे?

आपण विचारले आहे की इंग्लंडमधल्या चौथ्या-पाचव्या श्रेणीतला एखादा क्लब वरच्या श्रेणीचा ध्यास धरून आर्थिकदृष्ट्या तग धरू शकतो का, आणि रेक्सहॅमला जे जमले ते इतरांना का जमू नये. प्रश्नाच्या उत्तरार्धातला सूर माझ्या चांगलाच परिचयाचा आहे. माझे भाऊजी गेली कित्येक वर्षे हेच म्हणत आले आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर चालवून घ्यावे.

रेक्सहॅमचा विषय आधी संपवतो. 2021 च्या फेब्रुवारीत समर्थकांच्या ट्रस्टकडून, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या समर्थकांच्या संस्थेकडून, तो क्लब दोन अभिनेत्यांनी घेतला आणि 2023, 2024 आणि 2025 अशा लागोपाठ तीन हंगामांत त्याने बढती मिळवली. इंग्लिश फुटबॉलच्या वरच्या पाच श्रेणींत असे पूर्वी कोणीही केले नव्हते. पण पाचव्या श्रेणीत असतानाच ज्या क्लबच्या छातीवर टिकटॉकचे नाव झळकते आणि ज्याच्यावरची मालिका जगभर पाहिली जाते, त्याचे उत्पन्न त्या श्रेणीचे उरलेलेच नसते. रेक्सहॅमने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करून धोका पत्करला, पण त्यामागे उत्पन्न वाढवण्याचे असे साधन होते जे इतर कोणाकडे नाही. त्यामुळे हे उदाहरण कोणी धोरण म्हणून सांगू लागले की माझे डोके फिरते.

आता भाऊजींविषयी. नोकरीनिमित्त मी उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान शहरात राहायला गेलो तेव्हा ताई आणि भाऊजी तिथे आधीपासून स्थायिक होते आणि भाऊजी पाचव्या श्रेणीतल्या स्थानिक क्लबचे निस्सीम भक्त होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला मैदानावर नेले, पुढच्या वर्षी समर्थकांच्या ट्रस्टचा सभासद करून घेतले, आणि मी पेशाने हिशेबनीस असल्याचे कळताच ट्रस्टचे कागद माझ्या गळ्यात पडले. ट्रस्टकडे क्लबचे थोडेच भाग होते, पण मालकी बदलायची असेल तर आमच्या सभेची मान्यता लागत असे. क्लबला त्या काळात एक नवा मालक सापडला. त्याचा प्रस्ताव देखणा होता. अर्धवेळ खेळणाऱ्या, दिवसा इतर नोकऱ्या करणाऱ्या संघाऐवजी पूर्णवेळ व्यावसायिक संघ उभारायचा, तीन हंगामांत लीग टू, म्हणजे चौथी श्रेणी, गाठायची आणि तोवर येणारी तूट मालकाने भरायची. सभा मुख्य स्टँडखालच्या सभागृहात झाली. मी एवढेच विचारले की तूट भरण्यासाठी येणारा पैसा भागभांडवल म्हणून, म्हणजे क्लबने परत न करण्याच्या बोलीवर, येणार आहे की कर्ज म्हणून. ही तांत्रिक बाब आहे, ती वकील पाहतील, असे उत्तर मिळाले. मी पुन्हा उठलो, तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊजी मराठीतच म्हणाले, "अरे, बस खाली! एक हंगाम तरी लोकांना स्वप्न बघू दे." प्रस्ताव प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विरोधात हात वर करणारे आम्ही मोजके होतो आणि घरी परतताना गाडीत कोणी काही बोलले नाही.

त्यानंतरचा हंगाम मी हिशेबाच्या तक्त्यावर पाहिला आणि तक्त्यावर फुटबॉल फार वेगळे दिसते. हंगामी तिकिटांचा पैसा उन्हाळ्यात एकदम येतो आणि पहिला अधिकृत सामना होण्याआधीच निम्मा संपलेला असतो. खेळाडूंचे वेतन मात्र दर महिन्याला तेवढेच जाते. जानेवारीत मैदान गोठले आणि शनिवारचे दोन घरचे सामने पुढे ढकलले गेले; ते नंतर मंगळवारी रात्री झाले, तेव्हा प्रेक्षक निम्म्याने कमी आले. शनिवारच्या सामन्यामागे तिकीट, बार आणि खाद्यपदार्थ असे तीन रकाने भरत असत, मंगळवारी त्यांतला बारचा रकाना जवळजवळ रिकामाच राहिला. दोन वर्षांच्या करारावर आणलेल्या आघाडीपटूचे वेतन आणि घरभाडे मिळून जो आकडा होत होता, तो तिकीटखिडकीवरच्या सरासरी जमेच्या शेजारी ठेवला की पुढचे सगळे वाचता येत होते. अशा वेळी क्लब सर्वांत आधी काय थकवतो, तर खेळाडूंच्या पगारातून कापून घेतलेला प्राप्तिकर. खेळाडूला पैसे मिळाले नाहीत तर तो वर्तमानपत्राकडे जातो, कर खाते मात्र काही महिने पत्रे पाठवत बसते आणि मग एकदम क्लबच्या अवसायनासाठी, म्हणजे क्लब बंद करून देणी वसूल करण्यासाठी, न्यायालयात अर्ज करते. आमच्या बाबतीत तो अर्ज मार्चमध्ये आला. संघ तेव्हा सहाव्या क्रमांकावर होता. पाचव्या श्रेणीत सातव्या क्रमांकापर्यंतच्या संघांना बढतीच्या प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांची, संधी असते, त्यामुळे शहरात उत्साह ओसंडून वाहत होता आणि या अर्जाविषयी मी सभासदांना लिहिलेले पत्र कोणी वाचले नाही.

प्लेऑफ थोडक्यात हुकला. मालकाचा रस आटला आणि दर महिन्याला त्याने घातलेला पैसा ताळेबंदात कर्ज म्हणून उभा राहिला, तोही मैदानाच्या तारणावर. महत्त्वाकांक्षा चुकली असे मी तेव्हाही म्हटले नव्हते. माझा प्रश्न एवढाच होता की हरलो तर बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे, आणि ते क्लबच्या नावावर फाटले.

हे केवळ आमच्या क्लबचे दुर्दैव नव्हते. बरी हा 1885 मध्ये स्थापन झालेला, 1900 आणि 1903 मध्ये एफए कप ही देशव्यापी बाद स्पर्धा जिंकलेला क्लब. 2019 च्या वसंतात तो लीग टूमधून बढती मिळवून वर गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नव्या हंगामातला एकही लीग सामना न खेळता, इंग्लिश फुटबॉल लीगमधून (दुसऱ्या ते चौथ्या श्रेणीच्या संघटनेतून) काढला गेला. संघ जिंकत होता तेव्हाच खेळाडूंचे पगार थकले होते. रशडन अँड डायमंड्सच्या मागे डॉक्टर मार्टेन्स बुटांचा कारखानदार उभा होता. 2001 मध्ये क्लब लीगमध्ये आला, 2003 मध्ये चौथ्या श्रेणीचा विजेता ठरला, 2005 मध्ये मालकाने तो समर्थकांच्या हाती सोपवला आणि 2011 मध्ये क्लब संपला. डार्लिंग्टनने काही हजार प्रेक्षकांसाठी 25,000 आसनांचे स्टेडियम बांधले; 2003 च्या उन्हाळ्यात ते उघडले आणि वर्ष संपण्याआधीच क्लब देणी न फिटल्याने नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो, पण या क्लबांचे अंथरूण मुळात मालकाचे होते आणि मालक उठला की तेही त्याच्याबरोबर गेले.

नियम नाहीत असे नाही. लीग टूमध्ये खेळाडूंच्या वेतनावर उलाढालीच्या 50 टक्के आणि तिच्या वरच्या लीग वनमध्ये 60 टक्के अशी मर्यादा राहिलेली आहे. मात्र त्या हिशेबात मालकाची देणगी किंवा भागभांडवल जमेस धरता येते आणि कर्ज धरता येत नाही. म्हणजे सभेत ज्या फरकाला तांत्रिक बाब म्हणून उडवून लावले गेले, तोच फरक लीगच्या नियमावलीने मूलभूत मानला आहे. (भाऊजी, हे वाक्य खास आपल्यासाठी आहे.) 2020 च्या ऑगस्टमध्ये क्लबांनी लीग टूसाठी 15 लाख पौंडांची सरळ वेतनमर्यादाही मंजूर केली होती, पण खेळाडूंच्या संघटनेने तिला आव्हान दिले आणि 2021 च्या फेब्रुवारीत ती रद्द झाली. 2025 च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने आता स्वतंत्र नियामक आला आहे आणि क्लबांना परवाना घ्यावा लागणार आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे, पण नियामक तूट दाखवून देईल, ती भरून देणार नाही.

मग क्लब चालतात कसे, हा आपला मूळ प्रश्न. टिकाऊ मार्ग थोडे आहेत आणि बहुतेक संथ आहेत. एक्सेटर सिटी 2003 मध्ये पाचव्या श्रेणीत घसरला तेव्हा समर्थकांच्या ट्रस्टने तो हाती घेतला. 2005 च्या जानेवारीत ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी त्यांनी गोलशून्य बरोबरी केली आणि त्या सामन्याच्या व बरोबरीमुळे पुन्हा खेळलेल्या फेरसामन्याच्या उत्पन्नातून कर्जाचा मोठा भार उतरला. ही नशिबाची बाब होती हे खरे, आणि 2024-25 पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामनेच बंद झाल्याने ते दारही आता लागले आहे. पण एक्सेटरने पुढे आपल्या अकादमीतून ऑली वॉटकिन्ससारखा खेळाडू घडवला, 2017 मध्ये तो ब्रेंटफर्डला विकताना पुढच्या विक्रीतला वाटा करारात लिहून घेतला आणि 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा त्या वाट्याचे पैसेही वसूल केले. याला मी महत्त्वाकांक्षा म्हणतो.

याहून साधे साधन म्हणजे मैदान आठवडाभर कमावते ठेवणे. कृत्रिम गवतावर शाळा, मुलांचे संघ आणि हौशी खेळाडू रोज खेळतात आणि रोज भाडे देतात. पाचव्या श्रेणीत असे मैदान चालते, लीग टूमध्ये मात्र चालत नाही; म्हणून 2020 मध्ये हॅरोगेट टाउनला आणि 2021 मध्ये सटन युनायटेडला बढती मिळताच ते उखडून नैसर्गिक गवत लावावे लागले. वर जाण्याचे बक्षीस म्हणून हातचे उत्पन्न जावे आणि वर नव्या मैदानाचा खर्चही करावा लागावा, हा नियम मला शुद्ध मूर्खपणाचा वाटतो. पण नियम आहे तोवर बढतीच्या अंदाजपत्रकात तो रकाना असलाच पाहिजे, आणि आमच्या देखण्या प्रस्तावात तो नव्हता.

माझे म्हणणे सर्वांना सरसकट लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ल्यूटन टाउन 2009 मध्ये लीगबाहेर फेकला गेला होता आणि 2023 मध्ये प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या श्रेणीत पोहोचला. काटकसर आणि झेप यांचे वैर असतेच असे नाही. दुसरीकडे समर्थकांची मालकी हाही रामबाण उपाय नव्हे. पोर्ट्समथच्या समर्थकांनी 2013 मध्ये वाचवलेला क्लब 2017 मध्ये स्वतःच मतदान करून विकला, आणि रेक्सहॅमच्या ट्रस्टनेही तेच केले, कारण एका उंचीपुढे वर्गणी पुरत नाही. शिवाय माझा अनुभव एका क्लबचा आणि तोही पराभूत बाजूला बसून घेतलेला आहे, त्यामुळे त्यात कडवटपणा उतरला असणार.

आपण एखाद्या क्लबचे सभासद असाल आणि असा प्रस्ताव सभेपुढे आला असेल, तर स्वप्नाला विरोध करू नका. तसा विरोध कोणी ऐकत नाही. पैसा भागभांडवल म्हणून येणार असल्याचे लेखी घ्या, मैदान क्लबच्याच नावावर राहील आणि तारण ठेवले जाणार नाही हे सभेच्या ठरावात घाला, खेळाडूंच्या प्रत्येक करारात खाली घसरल्यास वेतनकपातीचे कलम आहे का ते विचारा, आणि फेब्रुवारीचे वेतन कोणत्या रकान्यातून जाणार हे तक्त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा. एवढे मिळाले तर मीही बाजूने हात वर करीन. आमचा क्लब आता एक श्रेणी खाली पुन्हा अर्धवेळ संघ घेऊन खेळतो, मैदानावरचे तारण अजून सुटायचे आहे, आणि भाऊजी अजूनही म्हणतात की तो हंगाम वसूल होता. होताच, पण त्याचे हप्ते ट्रस्टचे सभासद फेडत आहेत, आणि त्यांत भाऊजींची वर्गणीही आहे.